एका उभ्या रेघेसाठी आठ वर्षं

एआयला सांगितलं की तो हवी ती लिनक्स कमांड लिहून देतो. मग ग्रेप, सॉर्ट, ऑक शिकण्यात वेळ कशाला घालवायचा, असं एका विद्यार्थ्याने पत्रातून विचारलंय. प्रश्न रास्त आहे. सुट्या कमांड पाठ करण्यात खरंच फारसं काही नाही. अनुभवी अॅडमिनसुद्धा पर्याय आठवला नाही की मॅन्युअल उघडतो. शिकण्याजोगी गोष्ट आहे ती दोन कमांडच्या मधली उभी रेघ, म्हणजे पाइप. आणि ती ज्याच्या हट्टामुळे आली, त्या डग मॅकिलरॉयचं नाव आपल्याकडच्या संगणकाच्या वर्गांत क्वचितच ऐकू येतं.

आधी रोजचं काम बघू. इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरवर पासवर्डचे अंदाज लावणारे प्रोग्राम रात्रंदिवस लॉगिनचा प्रयत्न करत असतात. उबुंटूवर अशा प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची ओळ ऑथ लॉगमध्ये पडते. त्या ढिगातून सगळ्यात जास्त त्रास देणारे दहा आयपी पत्ते काढायचे आहेत. पहिला ग्रेप ‘फेल्ड पासवर्ड’ असलेल्या ओळी निवडतो. दुसऱ्या ग्रेपला ‘मायनस ओ’ आणि आयपीचा साचा दिला की ओळीतला नुसता पत्ता उरतो. सॉर्ट सारखे पत्ते एकाखाली एक आणतो, ‘युनिक मायनस सी’ ते मोजतो, ‘सॉर्ट मायनस आरएन’ मोठा आकडा वर आणतो आणि हेड पहिले दहा दाखवून थांबतो. युनिक फक्त लगतच्या ओळी ताडून बघतो. त्याच्याआधी सॉर्ट नसेल तर एकच पत्ता दहा ठिकाणी वेगवेगळा मोजला जातो. नवशिक्यांचं घोडं हमखास इथेच पेंड खातं.

सहा प्रोग्राम, आणि यातल्या एकालाही सर्व्हरची सुरक्षा म्हणजे काय हे ठाऊक नाही. ही गंमत मला अजूनही जुनी वाटत नाही.

११ ऑक्टोबर १९६४ रोजी बेल लॅब्जमध्ये मॅकिलरॉयने एक टिपण टाइप केलं. बागेतल्या रबरी नळीला जसा गरज पडली की आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत, असं त्याने त्यात मांडलं होतं. तेव्हा लिनक्सचा पूर्वज असलेलं युनिक्स जन्मालाही आलं नव्हतं. १९६९मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते लिहायला घेतलं तेव्हा मॅकिलरॉय त्यांच्या विभागाचा प्रमुख होता. हुकूम सोडण्याऐवजी तो अधूनमधून येऊन प्रोग्राम जोडण्याची नवनवी मांडणी सुचवत राहिला. अखेर त्याची एक मांडणी थॉम्पसनला पटली आणि त्याने एका रात्रीत पाइप सिस्टिममध्ये बसवला. तेवढ्यावर न थांबता, फाइलचं नाव दिलं नाही तर पाइपमधून येणारा मजकूर वाचावा, असे बदलही त्याने बऱ्याच प्रोग्राममध्ये करून टाकले. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी एका ओळीत काय काय करता येतं याच्या मागे लागली. फेब्रुवारी १९७३च्या मॅन्युअलमध्ये पाइप आहे. उभ्या रेघेची खूण थॉम्पसनने थोड्या काळानंतर आणली.

पाइपच्या आधी एका प्रोग्रामचं उत्तर फाइलीत साठवायचं, दुसऱ्याला ती फाइल द्यायची आणि मग आठवणीने पुसायची, असा प्रकार होता. १९७१च्या सुमारास युनिक्स ज्या पीडीपी-११ संगणकावर चालत होतं, त्याची मेमरी होती २४ किलोबाइट आणि डिस्क ५१२ किलोबाइट! पाइपमध्ये अशी मधली फाइल लागत नाही. आजच्या लिनक्समध्ये दोन प्रोग्रामच्या मधे साधारणपणे ६४ किलोबाइटची जागा असते. ती भरली की लिहिणारा थांबतो, रिकामी झाली की वाचणारा थांबतो. म्हणूनच शंभर जीबीचा लॉगही लहानशा मशीनवर ग्रेपमधून आरामात जातो. सॉर्टची गोष्ट वेगळी. शेवटची ओळ हाती येईपर्यंत त्याला पहिली ओळ बाहेर सोडता येत नाही. तेव्हा गाळायचं ते आधी गाळावं, सॉर्ट मागाहून.

१९८६मध्ये प्रोग्राम जोडण्याच्या या विचाराची जाहीर परीक्षा झाली. मजकुरातले सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधण्याचा प्रोग्राम जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनल्ड कनुथ यांच्याकडून मागवला. कनुथ यांनी पास्कलमध्ये देखणा, पानंच्या पानं चालणारा प्रोग्राम रचला. त्याचं समीक्षण मॅकिलरॉयकडे गेलं. त्याने कारागिरीला मनापासून दाद दिली आणि मग सहा कमांडचा एक पाइप मांडला: अक्षरं सोडून बाकी सगळ्याच्या जागी नवी ओळ, मोठी अक्षरं लहान, सॉर्ट, मोजणी, उलटा सॉर्ट, हव्या तेवढ्या ओळींवर थांबा. वरचा आयपी पत्त्यांचा पाइप याचाच भाऊ आहे. कनुथ यांना प्रोग्राम आणि त्याचं स्पष्टीकरण एकत्र लिहिण्याची आपली पद्धत दाखवायची होती, त्यामुळे ही तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य. तरी रोजच्या कामाला मी मॅकिलरॉयच्या बाजूचा.

‘बिग डेटा’ची हवा असताना हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. १.७५ जीबीच्या बुद्धिबळाच्या डावांचे निकाल मोजायला सात मशीनच्या हडूप क्लस्टरला २६ मिनिटं लागल्याचं एकाने लिहिलं होतं. २०१४मध्ये अॅडम ड्रेक यांनी ते काम लॅपटॉपवर, फाइंड, एक्सआर्ग्ज आणि ऑक जोडून, सुमारे १२ सेकंदांत उरकलं. डेटा खरोखर अवाढव्य असेल तर क्लस्टर हवाच. पण पावणेदोन जीबीला अवाढव्य म्हणत नाहीत.

आता एआयने दिलेल्या ओळीविषयी. पाइपचा मोठा गुण हा की तो कुठेही तोडून बघता येतो. पहिल्या रेघेपर्यंतच चालवा, काय आलं ते वाचा, मग पुढचा तुकडा जोडा. शेवटी फाइंडला ‘डिलीट’ असेल तर त्या जागी आधी ‘प्रिंट’ घाला आणि यादी डोळ्यांखालून घाला. ओळ कुणीही लिहिलेली असो, एंटर दाबणारा जबाबदार असतो.

आणि काही वेळा पाइप अचूक चालूनही उत्तर सापडत नाही. ‘डीएफ’ सांगतो डिस्क शंभर टक्के भरली. फाइलींनी घेतलेली जागा मोजणाऱ्या ‘डीयू’चं उत्तर सॉर्टमधून काढून बेरीज केली तर निम्मीच जागा दिसते. दोघंही खरं बोलत असतात. कुणीतरी मोठा लॉग पुसलेला असतो, पण तो लिहिणारा प्रोग्राम अजून चालू असतो. फाइलीचं नाव गेलं की डीयूला ती दिसत नाही. पण ती उघडी असेपर्यंत कर्नल तिची जागा सोडत नाही. ‘एलएसओएफ’ला ‘प्लस एल वन’ लावलं की अशा बिननावाच्या फाइली आणि त्यांना धरून बसलेले प्रोग्राम समोर येतात. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. सर्व्हर बंद करून चालू करायची गरज पडत नाही.