जिभेच्या शस्त्रक्रियेनंतरचे जेवण आणि बोलणे

जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे डॉक्टर सांगतात तेव्हा त्यांचा अर्थ एवढाच असतो की, गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह निघाली आणि गेलेला भाग शरीराच्या दुसऱ्या जागेवरील त्वचेने किंवा मांसाने भरून काढला. घरची मंडळी ते वेगळ्या अर्थाने ऐकतात. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून रेल्वेने मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेलेला आपला माणूस परतल्यावर पूर्वीसारखाच जेवेल, बोलेल, असे त्यांनी मनोमन धरलेले असते. या दोन अर्थांतील अंतर कुटुंबाने आधीच जाणून घेतले, तर पुढचा काळ पुष्कळ सुसह्य होतो.

जिभेच्या भरणीसाठी बहुधा मनगटाजवळची पातळ त्वचा रक्तवाहिन्यांसह घेतात आणि त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. चीनमधील शल्यविशारदांनी ही पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा शक्यतो डावाच हात यासाठी निवडतात. आयुष्य सह्या पडताळण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला ही दक्षता विशेष भावली. जिभेचा मोठा भाग गेला असल्यास मांडीचा जाड भाग किंवा छातीचा स्नायू वापरतात. या नव्या भागाला चव नसते आणि स्वतःची हालचालही नसते. उरलेली जीभच त्याला सोबत ओढते. त्यामुळे जीभ किती उरली आणि ती किती मोकळी हलते, यावर सारे अवलंबून राहते.

आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसारच मांडलेली आहे, याचा येथे अनपेक्षित उपयोग होतो. प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण बहुधा स्पष्ट राहतात. अडचण येते ती दंत्य आणि मूर्धन्य वर्णांत, कारण तेथे जिभेचे टोक दातांना किंवा टाळूला टेकावे लागते. ‘ळ’ आणि ‘र’ विशेष त्रास देतात. देऊळगाव राजाच्या माणसाला स्वतःच्या गावाचे नावच अवघड जाते! वाचोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली रोज थोडा थोडा सराव केल्यास सुधारणा होते. जीभ टाळूपर्यंत पोहोचतच नसेल, तर टाळूला खाली आणणारी पट्टी दंतवैद्य बसवू शकतात. याची माहिती फार थोड्यांना असते.

जेवणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सुरुवातीस नाकातील नळीतून अन्न दिले जाते. पुढे घट्ट घास मागे सरकत नाही, तर अगदी पातळ पाण्याने कधी ठसका लागतो. कोणती दाटी मानवते, हे तज्ज्ञांकडून तपासूनच ठरवावे. किरणोपचार झाले असतील तर लाळ कमी होते, तिखट सोसत नाही. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून मऊ करावी लागते. एका जेवणाला पाऊण तासही लागू शकतो. चौविहार पाळणाऱ्या घरात थंडीच्या दिवसांत सूर्यास्त सहाच्या आत होतो, तेव्हा रुग्णाची घाई होते आणि घाईत ठसका लागतो. अशा वेळी साऱ्या घराचेच ताट अर्धा तास आधी मांडावे. त्याचे एकट्याचे ताट आतल्या खोलीत नेऊ नये. अन्न ओठांतून सांडते म्हणून माणूस स्वतःच पंगतीतून उठू लागतो, आणि आपण ते सोयीचे म्हणून चालवून घेतो.

सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रश्नावलीत जीवनमानाच्या १२ बाबी विचारतात. गिळणे, चावणे, बोलणे, चव, लाळ यांच्याबरोबर त्यांत मनःस्थिती आहे आणि खांदाही आहे, कारण मानेतील गाठी काढताना खांद्याच्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. शेवटी गेल्या सात दिवसांत कोणत्या तीन बाबी सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या, हे रुग्णाला विचारतात. घरीही हे विचारून पाहावे. आपण ज्या गोष्टीची चिंता करतो, ती त्याच्या तिनांत नसण्याचीही शक्यता असते.

शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दहा वर्षे ते केंद्रीय कृषिमंत्री होते. बदललेल्या उच्चारांतली त्यांची भाषणे महाराष्ट्राने ऐकली आणि श्रोत्यांचे कान त्यांना सरावले. घरातील कानही असेच सरावतात. मात्र त्यासाठी रुग्णाला बोलू दिले पाहिजे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, त्याच्या हातून फोन काढून घेऊ नये. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी असा निवृत्तिवेतनधारक बँकेत आला, की सोबतचा मुलगाच उत्तरे देऊ लागतो. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने प्रश्न त्या गृहस्थांनाच विचारावा, न कळल्यास पुन्हा विचारावा, आणि तरीही न कळल्यास कागद व पेन पुढे करावे.