अधिवेशनाला जाताना नोंदवही न्या

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेली एसटी आंबेनळी घाटाला लागण्याआधी कापड्याच्या बाजूने जाते. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी मुंबईला नोकरीला असतं. गावात राहतात ती शाळकरी मुलं, शेती सांभाळणाऱ्या बायका आणि वयस्कर माणसं. पुस्तकांची, वर्तमानपत्रांची सगळ्यात जास्त गरज यांनाच असते. एवढ्या छोट्या गावातलं मान्यताप्राप्त ग्रंथालय सरकारी वर्गवारीत बहुधा 'ड' वर्गात येतं. 2012 नंतर दहाएक वर्षं या वर्गाचं वार्षिक अनुदान 30 हजार रुपयांवर अडून होतं. 2023 पासूनच्या 60 टक्के वाढीने ते 48 हजारांवर गेलं. त्यातले निम्मे पगाराला धरले, तर ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार पडतात. पुस्तकं, वर्तमानपत्रं, कपाटं, वीजबिल हे सगळं उरलेल्या निम्म्यात भागवायचं.

साहजिकच ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांत अनुदान, वर्गवाढ आणि वेतनश्रेणी हे विषय आधी येतात. ते रास्तच आहेत. पण व्यासपीठावरच्या माणसाला या मागण्या तोंडपाठ झालेल्या असतात. दोन हजारांवर राबणारा ग्रंथपाल गावाला काय देतो, हे मात्र त्याच्या कानावर क्वचितच पडतं.

ठराव आणि प्रत्यक्ष वापर यांत केवढं अंतर असतं, हे शेजारच्या महाडने साऱ्या देशाला दाखवलं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी तळ्यावर जाण्याची सोय नव्हतीच. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. ग्रंथालयांचा प्रश्न त्या लढ्याच्या तोलाचा नाही, तशी तुलना कोणी करूही नये. पण परिषद भाषणांवर न थांबता काय करू शकते, हे शिकायला या भागातल्या माणसाला दूर जायला नको.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याच्या आधारावर राज्यभर हजारो ग्रंथालयं उभी राहिली आणि बहुतेक ठिकाणी ती गावकऱ्यांच्या संस्थांनीच चालवली. एवढा पसारा असताना आपल्या कामाची गोष्ट लोकांपुढे मांडण्यात ही चळवळ मागे राहिली, हे खरं दुखणं आहे. बडोद्यात तसं झालं नव्हतं. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या आणि 1912 पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक काढलं. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. पुस्तक देणं आणि पुस्तकाने काय केलं ते सांगणं ही त्यांच्या लेखी एकाच खात्याची कामं होती.

अलीकडे जगभरच्या ग्रंथालय परिषदांत हिशेबाची भाषा रुळली आहे. ब्रिटिश लायब्ररीने 2004 मध्ये स्वतःचा अभ्यास करवून घेतला आणि सरकारच्या एका पौंडामागे देशाला सुमारे 4.40 पौंडांचं मोल परत मिळतं, असं मांडलं. असा अभ्यास 'ड' वर्गाला परवडणारा नाही. पण त्याचा कच्चा माल गावातच पडून आहे.

अनुदानाच्या तपासणीत दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासदांची यादी आणि जमाखर्च पाहतात. देवघेवीच्या एका ओळीत तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक आणि परतीची सही एवढंच असतं. समजा, एका मुलीने पोलीस भरतीचं एकच पुस्तक तीनदा नेलं. ती भरती झाली का, हे नोंदवहीला ठाऊक नसतं. ग्रंथपालाला मात्र बहुधा ठाऊक असतं. पीकविम्याची बातमी वाचायला कोण येऊन बसलं, आजोबांना पोथी मोठ्या अक्षरांत कोणी शोधून दिली, हेही त्याच्याच डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर निघून जातं.

ग्रंथालय गावाच्या मनात रुजलं की काय होतं, ते महामार्गाने खाली चिपळूणला दिसतं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. 2005 च्या पुरात त्याची वाताहत झाली. ते पुन्हा उभं राहिलं आणि जानेवारी 2013 मध्ये त्याने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद निभावलं. 22 जुलै 2021 ला महाडबरोबर चिपळूणही बुडालं आणि वाचन मंदिराला पुन्हा पुस्तकं वाळवत बसावं लागलं.

ग्रंथपालाच्या डोक्यातल्या गोष्टी अशा निघून जाऊ नयेत, म्हणून पोलादपूर आणि महाडच्या ग्रंथपालांनी देवघेवीच्या नोंदवहीत 'पुढे काय झालं' असा एक रकाना आखावा. वाचकाचं नाव न घालता त्यातले पाच-सहा प्रसंग एका पानावर उतरवून अधिवेशनाला न्यावेत. संघानेही कार्यक्रमपत्रिकेत या वाचनाला उद्घाटनानंतर लगेचची वेळ द्यावी, कारण मंत्री आणि अधिकारी सभागृहात असतात ते तेव्हाच.