धुके आणि मैफल

जालंधरच्या देवी तालाब परिसरातील हरिवल्लभ संगीत संमेलन स्वामी हरिवल्लभ यांनी १८७५ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केले. ते डिसेंबरअखेर, पंजाबच्या ऐन थंडीत भरते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आणि चेन्नईचा संगीत-हंगाम यांचाही महिना हाच; त्यामुळे कलावंतांच्या तारखा एकमेकींना खेटून येतात. त्यात धुक्याने आगगाडी अडली की संयोजकांना ठरलेला क्रम मोडावा लागतो. सूर्यास्तासाठी मारवा योजलेला गायक मध्यरात्री पोहोचला, तर तो मारवा राहूनच जातो. वाद्यांची तऱ्हा तर आणखी चमत्कारिक. गारठ्याने पोलादी तारा आकसतात व त्यांचा सूर चढतो. उलट दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडून उतरते. ही दोन्ही जुळेपर्यंत श्रोत्यांनी कांबळी पांघरून थांबायचे.