आवंढा

थोरल्या भावाच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मग सहा आठवड्यांत ३० वेळा किरणोपचार. आमच्याकडे त्याला ‘शेक’ म्हणतात. शेक संपला, आम्ही पेढे वाटले. दादाला मात्र पेढा गिळता येईना. उपचार चालू असताना ‘थोडे थोडे तोंडाने घेत राहा’ असे सांगितले होते. पण त्याचे सोललेले तोंड पाहून आम्हीच दयेपोटी त्याला नाकातल्या नळीवर ठेवले. मी डॉक्टर नाही. ती दया कुठे चुकली, हे शोधताना जे वाचले आणि तज्ज्ञांना विचारून घेतले, ते येथे मांडतो.

आवंढा गिळताना कंठमण्यावर बोट ठेवून पाहा. तो वर सरकतो. त्याच वेळी मऊ टाळू नाकाची वाट अडवतो, श्वासनलिका मिटते, अन्ननलिकेचे तोंड उघडते. घशातला हा सारा व्यवहार साधारण एका सेकंदात उरकतो.

किरणांनी कर्कपेशी मरतात, तशा लाळग्रंथीही आटतात आणि स्नायूंत चिवट तंतू साचतात. हे साचणे उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. कंठमणी पुरेसा उचलला गेला नाही, की घासाचा अंश श्वासनलिकेत उतरतो. तिथली संवेदना बोथट झाली असेल, तर ठसकाही लागत नाही. म्हणून ‘ठसका नाही, म्हणजे सारे ठीक’ हा समज धोक्याचा. अशा रुग्णाला थेट न्यूमोनियाच गाठू शकतो.

अमेरिकेच्या जेरी लोगमन यांनी क्ष-किरणांच्या चलतचित्रांवरून गिळण्याच्या क्रियेचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८३ साली आला. ‘मेंडेलसन’ व्यायामात वर गेलेला कंठमणी क्षणभर तिथेच धरून ठेवतात. ‘मासाको’मध्ये जिभेचे टोक दातांत धरून फक्त लाळ गिळतात, घास घेऊन हा व्यायाम कधीच करायचा नाही. ‘शेकर’ व्यायामात उताणे झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटे दिसतील इतके डोके वर करतात. मानेचे दुखणे असणाऱ्यांनी तो टाळावा. जबड्याचे व्यायाम वेगळे. पुढच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर जबडा आखडला असे धरतात. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचे तोंड तर कित्येकदा शेकाआधीच आखडलेले असते.

या व्यायामांचा लाभ सर्व अभ्यासांत सारखा दिसलेला नाही. पण न वापरलेला स्नायू दुबळा होतो, हे निश्चित. म्हणून गिळण्याच्या तज्ज्ञाची भेट शेक सुरू होण्यापूर्वीच घ्यावी, आणि त्यांनी तपासून सुरक्षित ठरवलेले अन्न तोंडाने चालू ठेवावे. आम्ही नेमके हेच चुकलो.

दादाने उशिरा सुरुवात केली. चकली त्याला अजून जमत नाही. गेल्या दिवाळीत मात्र त्याने अर्धा अनारसा दुधात भिजवून खाल्ला. घरातले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, मी कंठमण्याकडे.