लेज नको, मग काय?

यंदा २७ ऑगस्टला गणपती बसले आणि नेमकं त्याच दिवशी भारतातून अमेरिकेत येणाऱ्या बऱ्याचशा मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं. आरती उरकून फोन बघते तर घरच्या ग्रुपवर पुण्याहून धाकट्या नणंदेचा निरोप: ‘वहिनी, आम्ही लेज, कुरकुरे, पेप्सी सगळं आजपासून बंद केलंय. तुमचं काय? तुम्ही तर राहताच तिथे!’

तिनं थट्टा केली होती, पण महिनाभरात तोच प्रश्न मंडळाच्या बैठकीत आला. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला साडेतीनशे माणसं येतात आणि मध्यंतरात प्रत्येकाला खाऊचं एक पाकीट द्यायचं काम यंदा माझ्याकडे होतं. दरवर्षीचा रिवाज ठरलेला. घाऊक दुकानातून चिप्सची मोठी खोकी, इंडियन ग्रोसरीतून चिवडा आणि बाकरवडी. यंदा आमचे गुजराती दुकानदार म्हणाले, ‘बेन, जुना माल आहे तोवर बाकरवडी उचला, पुढच्या कंटेनरचा भाव मी आज सांगू शकत नाही.’

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, सगळा खाऊ भारतातलाच आणा, महाग तर महाग. दुसरा म्हणे, आपण कर इथे भरतो, मुलं इथली, इथल्या मालावर बहिष्कार कसला घालायचा? मी म्हटलं, बहिष्कार राहू दे. इथेच, याच गावात कुणाच्या तरी मालकीचा, कुणीतरी रोज उठून बनवणारा खाऊ असेल ना? तो शोधू. खजिनदार म्हणाले, ‘जरूर शोधा. पण पाकिटामागे अडीच डॉलरच्या वर जायचं नाही.’

मग माझं दुकानातलं संशोधन सुरू झालं. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे पुडक्यावर बनवणाऱ्याचं, भरणाऱ्याचं किंवा वितरकाचं नाव आणि गाव छापावं लागतं. त्या कंपनीचा मालक कोण, हे मात्र छापावं लागत नाही. त्यामुळे शेल्फवर खेड्यातल्या भट्टीचं चित्र, खरबरीत कागद, हातानं लिहिल्यासारखी अक्षरं बघून आपण भुलतो. केप कॉड आणि केटल हे दोन्ही ‘घरगुती’ दिसणारे वेफर्स २०१८ पासून सूपवाल्या कॅम्पबेलचे आहेत. स्टेसीज पिटा चिप्स बॉस्टनच्या रस्त्यावर, हातगाडीवर जन्मले. तो ब्रँड फ्रिटो-लेनं, म्हणजे पेप्सिकोनं, कधीच विकत घेतला. मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबानं उभा केलेला सिएटे ब्रँड पेप्सिकोनं १.२ अब्ज डॉलरला घेतला, तो सौदा याच वर्षी जानेवारीत पुरा झाला. म्हणजे लेज टाळायला म्हणून शेजारचं पुडकं उचलावं, तर पैसे त्याच गल्ल्यात.

आमच्या मिशिगनचीच गंमत बघा. बॅटल क्रीक इथून गाडीनं दोन तासांवर. केलॉगनं १९०६ साली तिथे कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली. २०२३ मध्ये तिचे दोन तुकडे झाले आणि कॉर्नफ्लेक्सचा तुकडा यंदा सप्टेंबरात नुटेला बनवणाऱ्या इटालियन फेरेरोकडे गेला. कार्स नट्सचे दाणे १९३३ साली सू कार नावाच्या बाई डेट्रॉइटच्या बेसबॉल मैदानाबाहेर विकायच्या. ती कंपनी आता लंडनच्या गुंतवणूकदारांची. सँडर्सची १८७५ पासूनची चॉकलेटं आणि केकही त्यांच्याच छत्राखाली. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. कारखाने इथे आहेत, माणसं इथली कामाला आहेत. पण ‘लोकल’ ही पाटी वाचून पैसे देताना ते नेमके कुठे जातात हे कळायला हवं की नाही?

नणंदेलाही मी हेच लिहिलं. पेप्सिकोच्या वेफर्सचा एक कारखाना तिच्यापासून तास-दीड तासावर रांजणगावला आहे. बटाटा भारतातला, कामगार आपले, नफा बाहेर. आणि आपण लहानपणी मिटक्या मारत खाल्लेले अंकल चिप्स २००० सालापासून फ्रिटो-लेचेच. तिचं उत्तर आलं, ‘वहिनी, उगाच डोकं फिरवू नकोस, मी लक्ष्मीनारायण चिवड्यावर आलेय.’

माझा शोध संपला तो ग्रॅशिएट अॅव्हेन्यूवर. बेटर मेड हे नाव डेट्रॉइटकरांना सांगावं लागत नाही, आपल्या लोकांच्या मात्र घरात ते क्वचित दिसतं. सिसिलीहून आलेल्या दोन स्थलांतरितांनी, क्रॉस मोचेरी आणि पीटर चिप्रियानो यांनी, १९३० मध्ये, ऐन मंदीत हा धंदा सुरू केला. आपली पहिली नावं जोडून ‘क्रॉस अँड पीटर्स’ अशी कंपनी काढली. त्या काळात या शहरात वेफर्स तळणारे वीसेक कारखाने होते. ते एकेक करून गेले. बेटर मेड राहिलं आणि अजून चिप्रियानो कुटुंबाकडे आहे. बटाटा वर्षातले बहुतेक महिने मिशिगनचाच. वेफर्सच्या बटाट्यात आमचं राज्य देशात पुढे आहे, हे मलाही या निमित्तानं नव्यानं कळलं.

त्यांच्या कारखान्याच्या दुकानात गेले. तळणाचा वास थेट पार्किंगपर्यंत येतो. गल्ल्यावरच्या बाईंना साडेतीनशे छोटी पुडकी हवीत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, ‘चर्चसाठी का?’ मी म्हटलं, ‘तसंच काहीसं.’ चव म्हणाल तर वेफर पातळ, जरा जास्त भाजलेला, बटाट्याची चव जिभेवर येते. गावाकडे उन्हात वाळवून तळलेल्या वेफर्सची सर नाही, पण त्या वाटेवरचा आहे. तिखटप्रेमींनी रेड हॉट बार्बेक्यू घ्यावा. घाऊक खोक्यापेक्षा पुडक्यामागे तेवीस सेंट जास्त पडले. खजिनदारांनी भुवया उंचावल्या, पण चेक लिहिला.

आता चिवडा. इंडियन ग्रोसरीतल्या सगळ्याच गोष्टी भारतातून येतात असं आपण धरून चालतो. डीप हा ब्रँड न्यू जर्सीचा. भगवती अमीन यांनी १९७७ मध्ये घरच्या स्वयंपाकघरातून तो सुरू केला. म्हणजे आपलीच चव, मालकी इथल्या गुजराती कुटुंबाची. उलट, नागपूरमुळे आपण ज्यांना घरचं मानतो त्या हल्दीराममध्ये यंदा सिंगापूरच्या टेमासेकनं हिस्सा घेतला. कोण देशी आणि कोण परदेशी, हे ठरवायला बसलं तर रात्र पुरायची नाही. सार्वजनिक काकांच्या काळी सोपं होतं, सूत कुणी कातलं ते डोळ्यांना दिसायचं.

पण खरी स्थानिक मालकी मला सापडली ती आमच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून. एक काकू मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. भाजणी घरी करतात, चकलीचा काटा असा की दुकानातली चकली समोर ठेवू नये. ओळखीपाळखीत बरीच वर्षं विकतात. त्यांचीच चकली पाकिटात घालू असं सगळ्यांना वाटलं, आणि इथे गाडं अडलं.

मिशिगनमध्ये घरगुती खाद्यपदार्थांसाठी २०१० चा कायदा आहे. फ्रिजशिवाय टिकणारे पदार्थ परवान्याविना घरी करून विकता येतात, पण थेट खाणाऱ्यालाच. दुकानाला किंवा हॉटेलला विकायचे नाहीत, वर्षाच्या विक्रीला मर्यादा आहे. मंडळानं विकत घेऊन तिकिटाबरोबर वाटणं त्यात बसतं का, यावर आमच्यातल्या दोन वकिलांची तीन मतं पडली. शिवाय पुडीवर ‘राज्याच्या कृषी खात्यानं न तपासलेल्या घरगुती स्वयंपाकघरात तयार’ अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य, घटकांची यादी आणि अॅलर्जीचे पदार्थ छापावे लागतात. काकू ते वाक्य वाचून दुखावल्या. ‘न तपासलेल्या म्हणजे? माझं स्वयंपाकघर येऊन बघा म्हणावं!’

त्यांचं बरोबरच होतं. पण गेल्या वर्षी कार्यक्रमात एका चार वर्षांच्या मुलाच्या तोंडावर चिवड्यातल्या दाण्यानं गांधी उठल्या होत्या आणि त्याच्या आईनं इंजेक्शन काढलं तेव्हा सभागृहातल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला होता. ती आई समितीत आहे. ती शांतपणे म्हणाली, ‘काकू, तुमची चकली मला माझ्या मुलाला निर्धास्त द्यायचीय, म्हणून लेबल हवंय.’ त्यावर काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीनं संगणकावर लेबलं केली. दाण्याचा चिवडा वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यात करायचा हे काकूंनी आपणहून ठरवलं.

तोडगा असा निघाला. पाकिटात बेटर मेडचे वेफर्स, डीपची शेव आणि जुन्या मालातल्या दोन-दोन बाकरवड्या. काकूंना दाराशी टेबल दिलं, त्यांनी स्वतः समोरासमोर विकायचं. मध्यंतर संपायच्या आत टेबल रिकामं झालं. वेफर्सबद्दल मुलांनी कुरकूर केली नाही. मोठ्यांपैकी तिघांनी मात्र विचारलं, ‘यंदा ते नारिंगी रंगाचे नाहीत का?’ पाकिटाचा खर्च दोन डॉलर ऐंशीवर गेला. वरचे तीस सेंट खजिनदारांनी हिशेबात ‘इतर’ या सदरात टाकले आहेत.

आता संक्रांतीच्या तिळगुळाची मागणी काकूंकडे आधीच येऊन पडली आहे. २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा अॅलर्जीच्या प्रमुख पदार्थांच्या यादीत नववा आला आहे, तेव्हा लेबलावर तो ठळक हवा. नात तयार आहे. काकूंचं म्हणणं एवढंच, ‘तिळगुळावर तीळ आहेत असं लिहायचं? बरं, लिहा बाई.’