खेळाडूने बोलावे काय?

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १९०७ चा डिसेंबर आठवतो. राष्ट्रीय सभेचे अधिवेशन तेथे भरले, जहाल आणि मवाळ यांची उघड फाटाफूट झाली, आणि व्यासपीठाच्या दिशेने भिरकावलेला तो पुणेरी जोडा दंतकथेत जाऊन बसला. त्याच वर्षी मुंबईत, वरवर पाहता अगदी निराळी, अशी एक घटना घडली. युरोपियन व पारशी यांच्या क्रिकेट सामन्यांत हिंदूंचा संघ सामील होऊन तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला तेव्हा ती चौरंगी झाली, आणि १९३७ मध्ये ‘बाकीचे’ येऊन पंचरंगी. खेळ राजकारणापासून अलिप्त असावा, असे बजावणारी मंडळी त्या काळीही होतीच. परंतु ज्या स्पर्धेत संघांची नावेच धर्मावरून पडली होती, तिच्या मैदानावर उतरणारा खेळाडू अलिप्त राहणार तरी कसा?

कोट्यवधी रुपये मिळविणाऱ्या खेळाडूंनी सामाजिक व राजकीय प्रश्नांवर भूमिका घ्यावी काय, हा आजचा वाद तेथवर मागे जातो. फरक इतकाच की, तेव्हाचा खेळाडू श्रीमंत असेलच असे नव्हते. बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबातले. पुण्याच्या युरोपियन क्लबात चार रुपये महिन्यावर मैदानाची निगा राखीत त्यांनी गोलंदाजी कमावली, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. मैदानात ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ते खेळत, तेच सहकारी चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले गेले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदावरील हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण जाहीर पत्रक काढून सांगितले. त्याच स्पर्धेत पुढे बाळूंना उपकर्णधार करावे लागले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

बाळूंच्या प्रत्येक राजकीय पावलाला असे यश आले नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. मैदानावरील कीर्ती हे काही राजकीय शहाणपणाचे प्रमाणपत्र नव्हे, हे मतदार पुरते ओळखून होते.

त्याच १९३२ साली दुसरा एक प्रसंग घडला. सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीने १९२८ मध्ये ज्यांना ‘सरदार’ केले, ते वल्लभभाई आणि गांधीजी जानेवारीत तुरुंगात गेले. त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यास इंग्लंडला जाणार होता. पुढारी तुरुंगात असता हा दौरा कसला, म्हणून मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे विजय मर्चंट व एल. पी. जय त्यापासून दूर राहिले. मर्चंट हे गिरणीमालकांच्या घरचे आणि वयाने वीस वर्षांचे. त्यांना पुढे दहा कसोट्या खेळायला मिळाल्या. जय तेव्हा तिशीला आले होते. त्यांच्या वाट्याला आयुष्यात एकच कसोटी आली, डिसेंबर १९३३ ची, मुंबईची. दोघांनी त्याग एकच केला. पण त्याची किंमत दोघांना सारखी पडली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. सामुदायिक निर्धार तर याहून अल्पजीवी ठरतो. गांधीजींनी धार्मिक सामन्यांना नापसंती दर्शविल्यावर १९४० मध्ये हिंदू संघ पंचरंगीतून बाहेर राहिला, आणि पुढल्याच वर्षी परत मैदानात उतरला!

आता पैशाचे मान पार पालटले आहे. २०२४ च्या आयपीएल लिलावात एका यष्टिरक्षकाची बोली २७ कोटींवर गेली. या पैशाबरोबर करारही येतो, आणि करारात बोलण्यावर मर्यादा असतात. नियामक संस्थांचे नियमही सर्वांना सारखे लागू पडतातच असे नाही. २०१४ मध्ये इंग्लंडच्या मोईन अलीला गाझासंबंधीचे मनगटपट्टे घालण्यास आंतरराष्ट्रीय परिषदेने मनाई केली; २०१९ मध्ये रांचीला भारतीय संघाने सैनिकांच्या सन्मानार्थ लष्करी टोप्या घातल्या, त्याला मात्र तिची परवानगी होती.

म्हणून श्रीमंत खेळाडू बोलला की नाही, एवढ्यावरून त्याचे मोल करता येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका परदेशी गायिकेने शेतकरी आंदोलनाचा उल्लेख करताच सचिन तेंडुलकर, विराट कोहली आदी अनेकांनी देशाच्या एकजुटीचे संदेश प्रसिद्ध केले. संदेशांत इतके साम्य होते की, महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी चौकशीची भाषा केली. देशप्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शेतीच्या कायद्यांविषयी त्यांतून काहीच कळले नाही, आणि बोलणाऱ्याचे काही पणालाही लागले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानकडून हार झाल्यावर महंमद शमीवर त्याच्या धर्मावरून गरळ ओकली गेली. तेव्हा त्याच कोहलीने कर्णधार या नात्याने पत्रकारांसमोर, धर्मावरून कोणावर तुटून पडण्यासारखी हीन गोष्ट नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याची किंमत म्हणून त्याच्या तान्ह्या मुलीविषयी अभद्र धमक्या आल्या, आणि पोलिसांना अटक करावी लागली. हे दुसरे बोलणे वजनदार वाटते, कारण ज्या गोष्टीविषयी तो बोलला ती त्याच्या स्वतःच्या खोलीत, त्याच्या शेजारी बसलेली होती.

असे प्रश्न खेळाच्या आवारातच पुष्कळ आहेत. सुरतेच्या लालभाई काँट्रॅक्टर मैदानावर २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भारत व दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांचे वीस-वीस षटकांचे सामने झाले. तेथेच शेफाली वर्माने पंधराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. अशा सामन्याचे मानधन तेव्हा पुरुष खेळाडूला तीन लाख आणि स्त्री खेळाडूला एक लाख रुपये होते. ते समान करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला. या विषयावर मत देण्यास राज्यशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही, आणि पुरुष खेळाडूंचा शब्द येथे खासच उपयोगी पडला असता.

कुस्तीगीर स्त्रियांचे गाऱ्हाणे याहून गंभीर होते. आपल्या महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून साक्षी मलिक, विनेश फोगट आणि त्यांच्याबरोबर बजरंग पुनिया २०२३ मध्ये दिल्लीत धरणे धरून बसले. अध्यक्षांनी आरोप नाकारले. २८ मे रोजी कुस्तीगिरांना रस्त्यावरून उचलून पोलिसांच्या गाड्यांत घालण्यात आले, आणि दोनच दिवसांनी पदके गंगेत सोडण्यासाठी ते हरिद्वारला पोहोचले. अनिल कुंबळे यांच्यासारखे थोडे माजी क्रिकेटपटू बोलले. करारबद्ध क्रिकेटपटू बहुतेक गप्प राहिले. २ जून रोजी १९८३ च्या विश्वविजेत्या संघाच्या नावाने एक निवेदन प्रसिद्ध झाले. कुस्तीगिरांना मिळालेल्या वागणुकीने आपण व्यथित झालो आहोत, कष्टाने मिळविलेली पदके त्यांनी गंगेत टाकू नयेत, असे त्यात म्हटले होते. त्या संघातले रॉजर बिन्नी त्या वेळी क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. आपण असे कोणतेही निवेदन केलेले नाही आणि खेळात राजकारण मिसळू नये, असा खुलासा त्यांनी लगोलग केला.