जुन्या फोटोतल्या मोटारीची साक्ष

जुन्या घरांतल्या फोटोंच्या पेटीत मोटारीसोबत काढलेला एखादा फोटो हमखास सापडतो. घरातला कर्ता पुरुष फुटबोर्डावर एक पाय ठेवून उभा असतो, मुले बॉनेटला टेकलेली असतात, बायका थोड्या मागे असतात. फोटोच्या पाठीवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. गेली पंधरा-सोळा वर्षे असे फोटो माझ्याकडे येत आहेत आणि बरोबर प्रश्न एकच येतो, ‘ही गाडी कोणती?’ गाडीचे नाव पुष्कळदा तासाभरात सापडते. पण विचारणाऱ्याच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असतो. हा फोटो कधीचा, आणि त्यात उभी असलेली माणसे नेमकी कोण?

या प्रश्नाला उत्तर देण्याची काही ताकद मोटारीत आहे. वाडा, तुळशीवृंदावन किंवा पैठणी पाहून साल सांगता येत नाही, कारण या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या तशाच राहतात. मोटारीचे तसे नाही. १९२०च्या दशकापासून अमेरिकन कंपन्यांनी जवळजवळ दरवर्षी गाडीचे रूप बदलायचा परिपाठ ठेवला आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्याकडे अमेरिकन गाड्यांचाच भरणा मोठा होता. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने त्याआधीच, १९२६ साली, हिंदुस्थानासाठी वेगळी कंपनी स्थापन केली होती. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांना लागणाऱ्या उजव्या स्टिअरिंगच्या फोर्ड गाड्या कॅनडातून जात. त्यामुळे कोल्हापूरच्या किंवा अमरावतीच्या फोटोतली शेवरोले वा फोर्ड ओळखायला अमेरिकेतल्या त्या त्या वर्षाच्या जाहिराती आणि माहितीपुस्तके उपयोगी पडतात.

मात्र ही साक्ष एकाच दिशेने चालते. गाडी १९३६ची असेल, तर फोटो त्याआधीचा नाही, एवढे ती ठामपणे सांगते. फोटो त्यानंतर किती वर्षांनी काढला, हे ती सांगू शकत नाही. आपल्याकडे गाडी एकदा घेतली की वीस-पंचवीस वर्षे चालवली जाई. ‘गाडी छत्तीसची, म्हणजे फोटो छत्तीसचा’ हे गणित म्हणूनच चुकते. ‘आधीचा नाही’ एवढेच उत्तर तुटपुंजे वाटेल, पण तेवढ्यानेही घरातली एखादी पक्की समजूत हलू शकते. तसे एक उदाहरण पुढे घेऊन ओळख पटवण्याची रीत सांगतो.

समजूत काय होती

फोटो दक्षिण महाराष्ट्रातल्या एका घरातला आहे. नऊवारीतली विशी-बाविशीची एक स्त्री मोटारीच्या पुढच्या मडगार्डशी उभी आहे. नाकात नथ, गळ्यात ठुशी. घरात समजूत अशी, की या म्हणजे आजोबांच्या पहिल्या पत्नी. त्या पहिल्या बाळंतपणात शके १८५५च्या श्रावणात, म्हणजे १९३३ साली गेल्या, अशी नोंद आजोबांच्या वहीत आहे. पुढे आजोबांनी दुसरे लग्न केले आणि आजची सगळी मंडळी त्या दुसऱ्या आजींची. पण पितृपक्षात दर अविधवा नवमीला हाच फोटो चौरंगावर ठेवून सवाष्ण जेवू घालण्याची पद्धत त्या घराने पाळली. ही ओळख कशावरून, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘ठुशीवरून. ती पहिल्या आजींच्या माहेरची.’

आधी फोटो, मग गाडी

गाडीकडे वळण्याआधी फोटो सुलट छापला आहे ना, हे पाहावे. निगेटिव्ह उलटी लावली गेली तर डावे-उजवे बदलते आणि उजव्या स्टिअरिंगची गाडी डाव्या स्टिअरिंगची दिसते. मग माणूस ती परदेशातली समजून भलतीकडेच शोध घेतो. नंबरप्लेट वाचता येत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा डाव्या छातीवर आहे का पाहावे. मराठी घरांतल्या फोटोंत आणखी एक खूण मिळते, ती नथीची. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. या फोटोत नथ डावीकडे होती आणि स्टिअरिंग उजवीकडे. फोटो सुलट होता.

दुसरी सावधगिरी रंगाची. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू त्या फिल्मवर काळी उमटे, निळी फिकट उमटे. कुंकू कित्येक फोटोंत काळ्या टिकलीसारखे दिसते ते यामुळे. म्हणून कृष्णधवल फोटोवरून ‘गाडी काळी होती’ असे म्हणू नये. ती तांबडीही असू शकते.

तिसरी गोष्ट, मूळ प्रत मागावी. मोबाइलवर फोटोचा फोटो काढून पाठवला की बारकावे जातात. त्या काळचे बरेच फोटो निगेटिव्हच्याच आकाराचे छापलेले असतात आणि छोटे दिसले तरी त्यांत तपशील भरपूर असतो. चांगल्या भिंगाखाली चाकाच्या टोपीवरचे अक्षरसुद्धा कधी कधी लागते.

दशक ठरवणे

गाडी ओळखताना आधी दशक ठरवावे, मग कंपनी, मग साल. थेट कंपनीच्या नावाकडे धावले की डोळ्यांना हवे तेच दिसू लागते.

दशकासाठी चार-पाच जागा पाहाव्यात. पुढच्या चाकांना ब्रेकचे ड्रम आहेत का? फोर्डच्या मॉडेल टीला (१९०८ ते १९२७) चाकांचे ब्रेक फक्त मागे होते. शेवरोलेला पुढचे ब्रेक १९२८च्या मॉडेलपासून आले. चाकांचे आरे लाकडी आहेत, तारेचे आहेत, की चाक पोलादी पत्र्याचे आहे? बंद गाडीचा टप पाहावा. १९३५च्या आधी मधला भाग कापडी आच्छादनाचा असे. त्या वर्षी जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप आणला आणि इतरांनी तो हळूहळू उचलला. दिवे पाहावेत. आधी ते सुटे, डब्यासारखे उभे असत. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मडगार्डात शिरू लागले. शेवटी फुटबोर्ड आणि मडगार्ड. दुसऱ्या महायुद्धानंतर मडगार्डांचा फुगा अंगात मुरत गेला आणि फुटबोर्ड दिसेनासा झाला.

यात पक्का साक्षीदार कोणता आणि कच्चा कोणता, हे ओळखायला हवे. चाके, दिवे, भोंगा, बंपर, स्टेपनी या गोष्टी बदलता येतात. गावोगावच्या मिस्त्रींनी त्या बदलल्याही आहेत. बॉनेट, रेडिएटरभोवतीची जाळी, दरवाजांची ठेवण, काचेची चौकट हे भाग सहसा बदलत नाहीत. एकाच खुणेवर निकाल देऊ नये. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या निदान तीन खुणा जुळाव्यात.

गाडी बरोबर बाजूने टिपलेली असेल तर मापही घेता येते. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंमधले अंतर टायरच्या व्यासाने भागायचे. फोर्डच्या मॉडेल एचे हे अंतर साडेएकशेतीन इंच. १९३०-३१च्या मॉडेल एला ते टायरच्या व्यासाच्या सुमारे साडेतीनपट पडते. १९३६च्या फोर्डचे अंतर ११२ इंच, म्हणजे टायरच्या जवळजवळ चौपट. फुटपट्टी आणि भिंग एवढ्यावर हे काम होते. मात्र गाडी तिरकी उभी असेल तर हे माप फसवते. आपल्या फोटोत गाडी तिरकीच होती, म्हणून मी ते वापरले नाही.

फोर्डची दहा वर्षे

त्या फोटोत दिवे सुटे होते, चाके पत्र्याची होती, जाळी पुढे टोक काढलेली होती. दशक ठरले आणि जाळीवरच्या चिन्हावरून फोर्ड व्ही-एट हेही लवकर ठरले. उरले साल. त्यासाठी फोर्डची दहा वर्षे ओळीने डोळ्यांपुढे ठेवावी लागतात.

१९२८ ते १९३१ मॉडेल ए. सरळ उभा रेडिएटर, तारेची चाके. त्यातही १९२८-२९ची चाके एकवीस इंची, १९३०-३१ची एकोणीस इंची. १९३२ साली आठ सिलिंडरची व्ही-एट आली. रेडिएटर प्रथमच उभ्या कांबींच्या जाळीमागे लपला आणि दोन दिव्यांना जोडणाऱ्या दांडीवर व्ही-एटचे चिन्ह बसले. १९३३-३४ला जाळी मागे कललेली, बदामाच्या आकाराची. ही दोन वर्षे वेगळी करायला बॉनेटच्या बाजूच्या झरोक्यांकडे पाहावे. तेहतीसचे झरोके वाकलेले, चौतीसचे सरळ. १९३५ला अंग गोलसर झाले, जाळी अरुंद झाली, चाके मात्र तारेचीच राहिली आणि भोंगे दिव्यांखाली उघडे राहिले. १९३६ला तारेची चाके जाऊन पत्र्याची आली आणि भोंगे दिव्यांखालच्या गोल जाळ्यांमागे गेले. १९३७ला दिवेच मडगार्डात बसले.

आता फोटो पाहा. चाके पत्र्याची, भोंग्यांच्या जागी गोल जाळ्या, दिवे अजून सुटे. तिन्ही खुणा १९३६कडे बोट दाखवतात. अमेरिकन कंपन्या पुढच्या सालाचे मॉडेल आदल्या वर्षाच्या अखेरीस काढत, ही सवलत धरायला हवी. म्हणजे ही गाडी १९३५च्या अखेरीआधी कुठेच नव्हती. शंकेखोराने म्हणावे, की चाके नंतर बदलली असतील, भोंग्यांच्या जाळ्याही बसवल्या असतील. तसे मानले तरी गोलसर अंग आणि अरुंद जाळी १९३५च्या अलीकडे नेता येत नाही. १९३३च्या श्रावणात गेलेल्या स्त्रीला या गाडीजवळ उभे राहणे शक्य नव्हते.

मोटार काय सांगत नाही

मग फोटोतली स्त्री कोण? हे मोटार सांगत नाही. ती पहिली पत्नी नव्हे, एवढेच सांगते. ठुशीचा पुरावा इथे नीट तपासावा लागतो. पहिली पत्नी गेल्यावर तिचे दागिने दुसरीच्या अंगावर येणे त्या काळी रीतीचे होते. म्हणजे ठुशी पहिल्या आजींची असली तरी गळा त्यांचा असेलच असे नाही. दुसऱ्या आजींचे पन्नाशीनंतरचे फोटो घरात होते. कपाळाची ठेवण, कानाची पाळी, हनुवटी ताडून पाहिल्यावर त्या याच असाव्यात असे मला वाटते. पण ‘असाव्यात’ आणि ‘आहेत’ यांत अंतर आहे, आणि अहवालात मी ‘असाव्यात’ असेच लिहिले.

गाडी कोणाची होती, हेही फोटो सांगत नाही. मोटारीशी उभा राहिलेला माणूस मोटारीचा मालकच असतो असे नाही. लग्नासाठी मागून आणलेली गाडी, डॉक्टरांची गाडी, टॅक्सी, सगळ्यांजवळ लोक हौसेने उभे राहिले आहेत. नंबरप्लेट वाचता आली तर थोडी मदत होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर नंबर ‘एमआर’ या अक्षरांनी सुरू होऊ लागले, त्याआधी मुंबई राज्याचे ‘बीएम’ होते आणि १९८९ पासून ‘एमएच’ आले. संस्थानांच्या प्लेटा वेगळ्या असत. प्लेटचा उपयोग असा, की ती गाडीपेक्षा फोटोच्या काळाजवळ असते. १९३६च्या गाडीवर ‘एमआर’ दिसले तर फोटो १९६०नंतरचा. त्याचप्रमाणे गाडीला कोळशाच्या गॅसची भट्टी जोडलेली दिसली तर फोटो बहुधा दुसऱ्या महायुद्धातल्या पेट्रोलटंचाईच्या काळातला.

स्वातंत्र्यानंतरच्या फोटोंत एका अर्थाने काम सोपे आहे, कारण गाड्यांचे प्रकार थोडे. आणि एका अर्थाने अवघड, कारण तेच रूप वर्षानुवर्षे चालले. अँबॅसेडर हे याचे ठळक उदाहरण. फियाट अकराशेत मात्र एक चांगली खूण आहे. मुंबईकरांनी जिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे. पुढे जी पद्मिनी म्हणून टॅक्सीतळांवर दिसली तिचे दरवाजे नेहमीसारखे उघडतात. दार उघडे ठेवून फोटो काढला असेल तर हा प्रश्न मिटतो.

नंतर

निष्कर्ष त्या घरात कळवताना मला जड गेले. ज्या बाईंचे मूल नाही, ज्यांना पाहिलेले कोणी हयात नाही, त्यांचा एकुलता एक फोटोही आता त्यांचा उरला नव्हता. घरातल्या थोरल्या वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग त्यांचं काय राहिलं?’ वहीतले नाव, तिथी आणि ती ठुशी, एवढे राहिले होते. दुसऱ्या आजींच्या धाकट्या लेकीचे वय पंच्याऐंशीच्या पुढे होते. आपली आई विशीत कशी दिसत असेल, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी फोटोची मोठी प्रत मागून घेतली.

पुढच्या अविधवा नवमीला चौरंगावर फोटो ठेवला नाही, ठुशी ठेवली, असे वहिनींनी कळवले. सवाष्ण नेहमीप्रमाणे जेवली.

आपल्या घरात असा फोटो असेल तर गाडीचे नाव शोधण्याआधी एक काम करावे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून फोटोतली माणसे विचारावीत आणि ‘कशावरून ओळखलं?’ हेही विचारावे. दोन्ही उत्तरे फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहावीत, कारण शाई पुढच्या बाजूला उमटते. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. गाडी नंतरही ओळखता येते, तिची माहितीपुस्तके कुठे ना कुठे मिळतात. माणसे ओळखणारे मात्र दर दिवाळीला थोडे कमी होतात.